कणभर भुकटी आणि दशांशाची पाचवी जागा

अलास्कात १७,१०० वर्षांपूर्वी मेलेला एक नर मॅमथ आयुष्यभरात इतका चालला, की तेवढ्या अंतरात पृथ्वीला जवळजवळ दोन प्रदक्षिणा झाल्या असत्या. २०२१ मध्ये ही बातमी जगभर छापून आली. तो २८ वर्षं जगला, सोळाव्या वर्षाच्या सुमारास कळपातून फुटला असावा आणि शेवटी आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला उपासमारीने मेला, इतका तपशील त्या बातमीत होता. वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं, हे पाहायला तिथे होतं कोण?

कोणीच नव्हतं. माहिती निघाली ती त्याच्या सुळ्यातून. अलास्का विद्यापीठाच्या फेअरबँक्स इथल्या मॅथ्यू वूलर आणि सहकाऱ्यांनी सुमारे सहा फुटी सुळा उभा चिरला आणि टोकापासून मुळापर्यंत मधल्या रेषेवरून लेसर फिरवत नेला. लेसरने उडालेल्या भुकटीतलं स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य मोजलं. असे सुमारे चार लाख आकडे जमले. त्या आकड्यांवरून मॅमथचा प्रवास कसा कळला, आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण बातमीत येतो तो फक्त प्रवास. खरी मारामारी असते ती मोजणीत.

दगडातून दातात

स्ट्रॉन्शियम रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमच्या जवळचं. शरीर कॅल्शियम घेतं तेव्हा थोडं स्ट्रॉन्शियमही आत शिरतं आणि हाडात, दातात, सुळ्यात जाऊन बसतं. शरीराला त्याचा विशेष उपयोग नाही, आणि या प्रमाणात अपायही नाही.

निसर्गातल्या स्ट्रॉन्शियमचे अणू चार प्रकारचे असतात. प्रोटॉन सगळ्यांत सारखे, न्यूट्रॉन कमीजास्त, म्हणून वजनं वेगळी. अशा प्रकारांना समस्थानिक म्हणतात. शंभर अणू घेतले तर साधारण ८३ अणू ८८ वजनाचे निघतात, दहा ८६ चे, सात ८७ चे, आणि ८४ वजनाचा जेमतेम अर्धा-पाऊण. आपल्याला काम आहे ८६ आणि ८७ यांच्याशीच.

८६ वाल्यांची संख्या खडकात कायम राहते. ८७ वाल्यांची मात्र फार सावकाश वाढते, कारण रुबिडियम नावाच्या दुसऱ्या मूलद्रव्याचा ८७ वजनाचा किरणोत्सारी अणू क्षय पावून त्याचं स्ट्रॉन्शियम होतं. सावकाश म्हणजे किती? त्या रुबिडियमचा निम्मा साठा संपायला सुमारे ४,९६० कोटी वर्षं लागतात. विश्वाचं वय त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे.

रुबिडियम राहतं पोटॅशियमच्या संगतीत, म्हणजे ग्रॅनाइटात, अभ्रकात. बेसॉल्टात, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, ते फार कमी. त्यामुळे जुन्या ग्रॅनाइटात ८७ भागिले ८६ हे गुणोत्तर चढत जातं, ०.७२, ०.७५ किंवा त्याहून वर. तरुण बेसॉल्टात ते ०.७०४ च्या आसपास राहतं. आजच्या समुद्राच्या पाण्यात ते जगभर एकच आहे, ०.७०९२. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खडकाची माती होते, मातीतून स्ट्रॉन्शियम पाण्यात, गवतात आणि गवतातून जनावराच्या दातात उतरतं. या सगळ्या वाटेत गुणोत्तर जवळपास तसंच राहतं. ८६ आणि ८७ यांच्या वजनांत फरक इतका थोडा, की झाडाला किंवा जनावराला त्यांत निवड करता येत नाही. जो किरकोळ फरक पडतो तो मोजणीच्या गणितात काढून टाकला जातो. म्हणून सुळ्याचा जो थर ज्या महिन्यात घडला, त्या महिन्यात जनावर कुठल्या प्रकारच्या खडकावर चरत होतं, हे त्यात उमटून राहतं. अलास्कातल्या कुठल्या भागात कोणतं गुणोत्तर, याचा अंदाज वूलर यांच्या गटाने तिथल्या उंदरांसारख्या छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या दातांवरून बांधला. असे प्राणी जन्मभर एकाच टापूत राहतात, हे इथे उपयोगी पडलं.

नमुना लहानच का हवा?

पहिलं कारण उघड आहे. संग्रहालयाचा अभिरक्षक मॅमथचा सुळा कुटून द्यायला तयार होत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समजा, एखाद्या माणसाचं लहानपण कोकणात गेलं आणि पुढे तो गडचिरोलीकडे वाढला. त्याचा अख्खा दात वाटून मोजला तर मिळेल ती दोन्हींची सरासरी, आणि त्या सरासरीचं गाव तिसरीकडेच कुठेतरी निघेल, जिथे त्या माणसाने पाऊलही ठेवलेलं नाही. नमुना जितका बारीक, तितका काळ बारीक उलगडतो. पहिल्या दाढेचं एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत घडतं, अक्कलदाढेचं बरंच नंतर. सुळा तर मरेपर्यंत वाढत राहतो, थरावर थर. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. ज्वालामुखीच्या लाव्हारसातले स्फटिकही असेच आतून बाहेर वाढतात. मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीतल्या स्फटिकांचा गाभा आणि कड यांतलं गुणोत्तर वेगळं निघालं, त्यावरून जमिनीखाली रस साठत असताना त्यात दुसरा रस मिसळत होता हे कळलं.

लहान म्हणजे किती लहान? एनॅमलमध्ये स्ट्रॉन्शियम साधारण दहा लाखांत शंभर भाग धरू. लेसरने एक दशांश मिलिमीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा पाडला, तर उडालेली भुकटी भरते सुमारे दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा पाच लाखावा भाग. त्यातलं स्ट्रॉन्शियम ग्रॅमच्या अब्जांशाच्या पाव भागाहूनही थोडं कमी. हे ऐकून वाटतं यात मोजायला उरलं काय. पण ग्रॅमच्या एक अब्जांशात, म्हणजे एका नॅनोग्रॅममध्ये, स्ट्रॉन्शियमचे सुमारे सात लाख कोटी अणू असतात. अडचण अणू कमी पडण्याची नसते, भलते अणू त्यांत घुसण्याची असते.

जुनी वाट: विरघळवा, गाळा, मोजा

जुनी आणि आजही सर्वांत भरवशाची पद्धत अशी. बारीक ड्रिलने मिलिग्रॅमभर भुकटी काढायची, आम्लात विरघळवायची आणि खास मण्यांनी भरलेल्या बारीक नळीतून सोडायची. हे मणी तीव्र नायट्रिक आम्लात स्ट्रॉन्शियम धरून ठेवतात आणि कॅल्शियम, रुबिडियम वगैरे वाहून जाऊ देतात. मग शुद्ध पाणी घातलं की स्ट्रॉन्शियम सुटतं. ते धातूच्या तारेवर सुकवून निर्वातात तापवतात. अणू विद्युतभारित होऊन उडतात, चुंबकातून जाताना हलके जास्त वळतात, जड कमी, आणि ज्याच्या त्याच्या कपात पडून मोजले जातात. हे यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. ते बरोबर मोजतंय ना हे पाहायला जगभर एकच प्रमाणित पावडर वापरतात. अमेरिकेच्या मानक संस्थेची ती पावडर ०.७१०२५ च्या आसपास आकडा देते. ज्या दिवशी देत नाही त्या दिवशी यंत्र बंद करून कारण शोधायचं.

या वाटेने पाचव्या दशांश स्थळापर्यंत खात्री मिळते. किंमत म्हणजे वेळ आणि स्वच्छता. आम्लात, भांड्यात, हवेतल्या धुळीत, सगळीकडे स्ट्रॉन्शियम असतं. समजा तुमच्या नमुन्यात एक नॅनोग्रॅम आहे आणि गुणोत्तर ०.७२०. बाहेरून ०.१ नॅनोग्रॅम शिरलं, त्याचं गुणोत्तर ०.७१०. आता मोजाल तर येईल सुमारे ०.७१९१. म्हणजे तिसऱ्याच दशांश स्थळी चूक, आणि ती यंत्राच्या पडद्यावर कुठेही दिसणार नाही. हीच भेसळ हजार नॅनोग्रॅमच्या नमुन्यात झाली असती तर पाचव्या-सहाव्या स्थळी विरून गेली असती. म्हणून लहान नमुना हाताळणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये हवा गाळून सोडतात, आम्ल पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित करतात, आणि नमुना न घालता रिकामी प्रक्रिया करून बाहेरून किती शिरलं तेही मोजतात. शोधनिबंधात हा रिकाम्या प्रक्रियेचा आकडा नसेल तर मी तरी बाकीचे आकडे फार गंभीरपणे घेणार नाही.

नवी वाट आणि तिचा घोळ

लेसरच्या वाटेत विरघळवणं नाही, गाळणं नाही. भुकटी वायूच्या झोतात उडून थेट आर्गॉन वायूच्या हजारो अंश तापमानाच्या प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित झालेल्या वायूत जाते, तिथे तिचे भारित अणू होतात आणि यंत्रात शिरतात. ज्या कामाला महिने लागले असते ते दिवसांत होतं, आणि नमुन्यावर उरते फक्त एक बारीक रेघ. मॅमथच्या सुळ्यावर चार लाख आकडे याशिवाय शक्यच नव्हते.

पण गाळणं गेलं की गर्दी आली. मास स्पेक्ट्रोमीटर हा शेवटी वजनकाटाच. एक किलो कांदे ठेवा की एक किलो बटाटे, काट्याला दोन्ही सारखेच. तसं ८७ वजनाचं जे काही येईल ते ८७ च्या कपात पडणार, मग ते स्ट्रॉन्शियम असो वा नसो.

ही गर्दी करणारे तिघं. पहिलं रुबिडियम, ज्याचा ८७ वजनाचा अणू आपण वर पाहिलाच. याचा बंदोबस्त सोपा आहे. रुबिडियमचा ८५ वजनाचा अणूही असतो, आणि त्या जागी स्ट्रॉन्शियमचा एकही नैसर्गिक अणू नसतो. ८५ किती आले ते मोजायचं, त्यावरून ८७ चे किती असतील ते काढायचं आणि वजा करायचं. दुसरा क्रिप्टॉन. आर्गॉनच्या सिलिंडरमध्ये त्याचा अंश असतो आणि तो ८४ आणि ८६ च्या कपांत पडतो. लेसर सुरू करण्याआधी नुसत्या वायूचं मोजमाप घेतलं की तोही वजा होतो.

तिसरा पाहुणा मात्र घरातलाच आहे. एनॅमल बनलेलं असतं कॅल्शियम फॉस्फेटचं. प्लाझ्मातून बाहेर पडताना कॅल्शियम, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा एकेक अणू कधी कधी चिकटून राहतो. वजन किती? ४० अधिक ३१ अधिक १६, म्हणजे बरोबर ८७. कॅल्शियमच्या जागी आर्गॉन धरला तरी बेरीज तीच! जो पदार्थ मोजायचा तोच खोटे ८७ तयार करतो. गुणोत्तर खोटं वर चढतं आणि माणूस होता त्यापेक्षा जुन्या खडकावरचा वाटू लागतो. दातात खरं स्ट्रॉन्शियम जितकं कमी तितकी ही चूक मोठी. शाकाहारी प्राण्यांच्या दातांत स्ट्रॉन्शियम तुलनेने भरपूर असतं, माणसाच्या दातात कमी. म्हणजे मॅमथवर जी पद्धत बिनघोर चालते ती माणसाच्या दाढेवर तशीच चालेल असं नाही. माशांच्या कानातले खडे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, त्यांत फॉस्फरस जवळपास नसतोच, म्हणून तिथे हा घोळ होत नाही. अलास्कातले सालमन कुठल्या नदीत जन्मले हे अशा खड्यांवर लेसर चालवूनच शोधलं गेलं.

मग दातांचं काय करायचं? चूक किती मोठी आहे ते मोजायचं. त्यासाठी एक झकास साधन आहे, शार्कचा दात. आजच्या समुद्रात गुणोत्तर सगळीकडे ०.७०९२, मग आजच्या शार्कच्या दातातही तेच यायला हवं. यंत्राने ०.७१०० दाखवलं तर चूक शार्कची नाही. प्लाझ्मा असा जुळवायचा की अणू कमीत कमी चिकटतील, आणि अधूनमधून शार्क मोजत राहायचं.

अलीकडे आणखी एक युक्ती आली आहे. यंत्राच्या आतच एका कप्प्यात सल्फर हेक्साफ्लुओराइडसारखा वायू सोडतात. स्ट्रॉन्शियमचा अणू त्यातून १९ वजनाचा फ्लुओरिन उचलतो, रुबिडियम उचलत नाही. ८७ चं स्ट्रॉन्शियम १०६ च्या जागी जाऊन बसतं, रुबिडियम ८७ लाच राहतं. वजाबाकीची गरज संपली. अभ्रकात रुबिडियम इतकं असतं की वजाबाकीने भागत नव्हतं. आता अभ्रकाच्या कणावर थेट लेसर मारून खडकाचं वय काढता येतं.

स्ट्रॉन्शियम किरणोत्सारी असतं ना?

हा प्रश्न हमखास येतो. किरणोत्सारी ते स्ट्रॉन्शियम-९०. ते अणुस्फोटात आणि अणुभट्टीत तयार होतं, सुमारे २९ वर्षांत निम्मं उरतं. अमेरिकेत सेंट लुइस शहरात १९५८ पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात जमा करून त्यात हेच मोजलं होतं. तीन लाखांवर दात जमले, आणि अणुचाचण्यांची धूळ मुलांच्या शरीरात उतरते आहे हे दिसलं. वर ज्या चार समस्थानिकांबद्दल बोलतोय ते स्थिर आहेत.

मग नेमकं गाव सांगता येतं का?

नाही. आणि इथेच बातम्या घसरतात. ०.७१० हा आकडा जगात असंख्य ठिकाणी सापडेल. स्ट्रॉन्शियम ठामपणे सांगतं ते एवढंच, की हा माणूस इथला नव्हे. कुठला, हे सांगायला ऑक्सिजन, शिसं, पुरातत्त्वाचा पुरावा अशी सोबत लागते. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेर्कफाँटेन आणि स्वार्टक्रान्स गुहांमधल्या आदिमानवांच्या १९ दातांवर लेसरने केलेलं काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. लहान दात, म्हणजे बहुधा माद्यांचे. त्यांतले निम्म्याहून जास्त बाहेरच्या खडकावर वाढलेल्यांचे निघाले, मोठ्या दातांतले मात्र फार थोडे. निष्कर्ष सुरेख आहे, माद्या वयात आल्यावर कळप सोडत असाव्यात. पण दात १९ आहेत, आणि मादी कोण हे दाताच्या आकारावरून ठरवलेलं आहे, एवढं मनात ठेवून तो वाचावा.

नकाशाच चुकला तर?

मोजणी निर्दोष असूनही निष्कर्ष कसा डगमगतो, याचं उदाहरण डेन्मार्कचं आहे. १९२१ मध्ये एग्टवेड इथे ओक लाकडाच्या शवपेटीत इ.स.पूर्व १३७० च्या सुमारास पुरलेली सोळा-अठरा वर्षांची मुलगी सापडली. कपडे आणि केस शाबूत. २०१५ मध्ये कारिन फ्राय यांच्या गटाने तिचा दात, नख, कपड्यांची लोकर आणि २३ सेंटिमीटर लांबीचे केस तुकड्या-तुकड्याने मोजले. शेवटच्या दोनेक वर्षांत तिने लांबचे प्रवास केले आणि ती मूळची आजच्या जर्मनीतल्या श्वार्झवाल्डची असावी, असं त्यांचं म्हणणं. केसांत स्ट्रॉन्शियम नगण्य असतं, त्यामुळे हे काम हस्तकौशल्य म्हणूनही थक्क करणारं होतं.

२०१९ मध्ये ऑर्हुस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी वेगळीच गोष्ट पुढे आणली. डेन्मार्कचे शेतकरी आम्लधर्मी जमिनीत चुनखडी टाकतात. चुनखडीत स्ट्रॉन्शियम भरपूर, गुणोत्तर वेगळं. त्यामुळे आज शेतांजवळच्या ओढ्यांचं पाणी मोजून केलेला नकाशा कांस्ययुगाचा नकाशा नव्हेच. चुनखडी न पडलेल्या जागा धरल्या तर मुलीच्या अंगातली सगळी गुणोत्तरं एग्टवेडच्या आसपासच सापडतात. फ्राय यांना हे मान्य नाही, वाद चालू आहे. मला ऑर्हुसवाल्यांची शंका वजनदार वाटते. मुलगी कदाचित खरंच फिरली असेल, पण खतं-चुना पडलेल्या जमिनीवरून ते सिद्ध करता येत नाही.

माझा दात काय सांगेल?

फारसं काही नाही. पंजाबचा गहू, आंध्रचा तांदूळ, समुद्राचं मीठ आणि कुठलं तरी बाटलीबंद पाणी यांवर वाढलेल्या माणसाच्या दातात कुठल्याही एका जमिनीचा ठसा उरत नाही. ही पद्धत चालते ती जिथे पिकतं तिथेच खाणाऱ्यांवर.

आपल्याकडच्या जुन्या वस्त्यांतल्या दातांवर असं काम करायचं म्हटलं तर वरवर वाटेल की महाराष्ट्र म्हणजे सगळा काळा पाषाण, सगळीकडे एकच आकडा येणार. तसं नाही. सह्याद्रीतल्या लाव्हांचे थर भूशास्त्रज्ञांनी एकमेकांपासून वेगळे ओळखले तेही बऱ्याच अंशी स्ट्रॉन्शियमवरूनच. आंबेनळी घाटाचं नाव मिळालेल्या थरात गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास, तर त्याच्या खालच्या बुशे नावाच्या थरात ०.७१३ आणि त्याहून वर, कारण तो लाव्हा वर येताना पृथ्वीच्या जुन्या कवचाचे खडक विरघळवत आला. पूर्व विदर्भात आणि सिंधुदुर्गात खाली वेगळेच, फार जुने खडक आहेत. कोकणपट्टीत पावसाबरोबर आणि खाऱ्या वाऱ्याबरोबर समुद्राचं ०.७०९२ जमिनीत मिसळतं. म्हणजे दातावर लेसर लावण्याआधी गोगलगायी, उंदीर आणि झाडपाला गोळा करत गावोगाव हिंडावं लागेल, आणि तेही उसाच्या खतपाण्यापासून दूर, शक्यतो देवरायांमधून.